प्रवाळखडक ते होलोटाइप: एका अँफिपॉडचा प्रवास

निघण्याआधी

तारीख ठरवताना सगळ्यात आधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडायचं. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असतं आणि त्याच दिवसांत ओहोटी सर्वांत खाली उतरते. प्रवाळखडकाचा सपाट माथा चालत फिरण्याजोगा उघडा पडतो तो तेवढ्याच दिवसांत. आम्ही अमावास्या धरली, कारण रात्री दिव्याचा सापळाही लावायचा होता आणि चांदणं असलं की दिव्याकडे फारसं कोणी फिरकत नाही.

शोध होता ल्युकोथोई या वंशातल्या अँफिपॉडांचा. अँफिपॉड म्हणजे कोळंबीचे दूरचे नातेवाईक. पाठीवर एकसंध कवच नाही, डोळ्यांना दांडे नाहीत, शरीर दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं, त्यामुळे डिशमध्ये ठेवले की कुशीवर पडतात. ल्युकोथोईची लांबी साधारण तीन ते सहा मिलिमीटर. राहतात स्पंजाच्या कालव्यांत किंवा ॲसिडियनच्या पोटात. ॲसिडियन म्हणजे खडकाला चिकटलेला, पिशवीसारखा, हात लावला की पाण्याची पिचकारी मारणारा प्राणी.

या वंशात अजून इतकं काम का शिल्लक आहे, त्याला कारण आहे. ल्युकोथोई स्पायनिकार्पा ही प्रजाती आबिल्डगोर यांनी १७८९ मध्ये उत्तर युरोपच्या समुद्रातून नोंदवली. पुढे उष्ण कटिबंधापासून थंड समुद्रांपर्यंत जिथे जिथे असा अँफिपॉड मिळाला, तिथे तिथे हेच नाव लागत गेलं आणि ही प्रजाती जगभर पसरलेली मानली जाऊ लागली. पण अँफिपॉडची मादी अंडी छातीखालच्या पिशवीत वागवते आणि पिल्लं बाहेर पडतात ती मोठ्यांचीच छोटी प्रतिकृती होऊन. आठवडेच्या आठवडे प्रवाहाबरोबर वाहत जाणारी अळीची अवस्था यांच्यात नाही. असा प्राणी सगळ्या महासागरांत एकच असेल हे पटण्यासारखं नाही. बारकाईने पाहिल्यावर त्या एका नावाखालून एकेक प्रजाती वेगळी निघत आली आहे, आणि अजून निघते आहे.

सामान: ९५ टक्के इथेनॉल पाच लिटर, दोन मिलिलिटरच्या कुप्या तीनशे, वीस मिलिलिटरच्या शंभर, चाळण्या दोन (एक मिलिमीटर आणि पाव मिलिमीटर), मऊ टोकाचे चिमटे, लवंगेचं तेल, मेंथॉलचे खडे, बॉरॅक्स घातलेलं फॉर्मॅलिन अर्धा लिटर, झिपच्या पिशव्या, कापसाच्या लगद्याचा जाड कागद आणि पेन्सिली. पेन्सिलीच. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि लेझर प्रिंटरची अक्षरं काही महिन्यांनी कागद सोडून कुपीच्या तळाशी काळी भुकटी होऊन बसतात.

कागदपत्रं सामानाइतकीच महत्त्वाची आहेत. संकलनाचा परवाना, नमुने बाहेर नेण्याचा परवाना, आणि नागोया करार जिथे लागू आहे (तो १२ ऑक्टोबर २०१४ पासून अमलात आहे) तिथे जैविक संपदा वापरण्याची पूर्वसंमती. हे नंतर करू म्हणून चालत नाही. परवान्याचा क्रमांक नसेल तर संग्रहालय नमुना ठेवून घेत नाही आणि नियतकालिक लेख परत पाठवतं.

दिवस १

दुपारी बेटावर उतरलो. पहिलं काम टेबल मांडण्याचं. खिडकीजवळ पण उन्हात नाही, वाळू पायाने आत येणार नाही अशा जागी. डावीकडे जिवंत नमुने, मध्ये सूक्ष्मदर्शक, उजवीकडे अल्कोहोल. नमुना नेहमी एकाच दिशेने सरकतो. दोन्हीकडून हात फिरायला लागले की तिसऱ्या दिवशी कुप्यांची सरमिसळ झालेलीच असते.

क्रमांकाची पद्धतही आजच ठरली: ठिकाण, पिशवी, यजमान, प्राणी. म्हणजे ४-१२-१-३ याचा अर्थ चौथं ठिकाण, बारावी पिशवी, त्यातला पहिला स्पंज किंवा ॲसिडियन, आणि त्यातून निघालेला तिसरा प्राणी. तारखेत महिना अक्षरांत लिहायचा, कारण ०५-०६ हे पाच जून की सहा मे, यावर तीस वर्षांनी कोणीतरी डोकं धरून बसतं. अक्षांश-रेखांश दशांश अंशांत आणि सोबत डब्ल्यूजीएस ८४ हा संदर्भ, म्हणजे ते कुठल्या मोजणी-पद्धतीतले आहेत ते.

दिवस २

लगूनच्या, म्हणजे प्रवाळखडकाच्या आतल्या शांत उथळ पाण्याच्या, कडेला, कमरेइतक्या पाण्यात, मेलेल्या प्रवाळाचे तुकडे. हात बसावा म्हणून केलेलं हे काम. मुठीएवढे आठ-दहा तुकडे पाण्याखालीच कापडी पिशवीत घ्यायचे आणि पिशवी वर काढण्याआधी तोंड आवळायचं. तुकडे उघडे वर आणले तर पाणी निथळताना निम्मे प्राणी त्याबरोबर निघून जातात.

किनाऱ्यावर दहा लिटरच्या बादलीत समुद्राचं पाणी घेऊन तुकडे हाताने चोळून धुतले, पाणी गरगर फिरवलं, वाळू खाली बसायला तीन-चार सेकंद दिली आणि वरचं पाणी चाळणीतून ओतलं. असं पाच वेळा. पहिल्या दोन धुण्यांत बहुतेक प्राणी येतात, पण भेगांत घट्ट बसलेले चौथ्या-पाचव्या वेळी सुटतात. धुतलेले तुकडे होते तिथेच परत ठेवले. खडक-प्रवाळ साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे ते बरोबर न्यायचा प्रश्न नाही, आणि साध्या समुद्राच्या पाण्याने धुतलं तर त्यावर उरलेले जीव वाचतात.

चाळणीतला माल डिशमध्ये ओतला की एक गोष्ट हमखास होते. अँफिपॉडच्या कवचाला पाणी चिकटत नाही, त्यामुळे एकदा हवेशी गाठ पडली की ते पृष्ठभागाच्या ताणावर अडकतात आणि तरंगत राहतात. नव्या माणसाला वाटतं मेले. अल्कोहोलचा एक थेंब कडेने सोडला की खाली बसतात. ज्यांना जिवंत ठेवायचंय त्यांना पिपेटने पाण्याची धार मारून बुडवायचं.

तुकड्यांतून नाना तऱ्हेचे अँफिपॉड आणि त्यांचे कवचधारी भाऊबंद टॅनेड, आयसोपॉड मिळाले. ल्युकोथोई दोन, दोन्ही पिल्लं. पिल्लांवरून प्रजाती ठरत नाही. कुपीत घातले, नोंद केली, पुढे गेलो.

दिवस ३

खडकाच्या बाहेरच्या उतारावर दोन बुड्या, पहिली अठरा मीटरपर्यंत, दुसरी दहा.

इथली रीत वेगळी. यजमानाला हात लावण्याआधी त्याचा फोटो: एक लांबून, आजूबाजूचं दिसेल असा, आणि एक जवळून, मोजपट्टीसह. मग झिपची पिशवी पालथी करून स्पंज किंवा ॲसिडियन त्यात पूर्ण झाकायचा, आणि मगच बोथट सुरीने बुडाशी कापायचं. क्रम उलटा झाला की सुरी लागताक्षणी आतले अँफिपॉड बाहेर पळतात. एका पिशवीत एकच यजमान. दोन यजमान एकत्र आले तर कोणाच्या पोटातून कोण निघालं हे कायमचं हरवतं, आणि ल्युकोथोईच्या बाबतीत यजमान हा निम्मा पुरावा असतो. पिशवीत पाणी भरपूर, हवेचा बुडबुडा नाही, आणि क्रमांकाची चिठ्ठी आत. बाहेर मार्करने लिहिलेला आकडा दोर घासून पुसला जातो.

प्रत्येक प्रकारच्या यजमानाचे तीनच नमुने घ्यायचे ठरलं होतं. मोठा स्पंज असेल तर पूर्ण नाही, त्यातला मुठीएवढा भाग, कापलेली बाजू खाली येईल असा.

होडीवर पिशव्या सावलीत, समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून. उन्हात पंधरा मिनिटं राहिलेली पिशवी म्हणजे गुदमरलेला स्पंज. तो गढूळ चिकट पाणी सोडतो आणि आतले प्राणी त्यात मरतात. आज एका पिशवीचं असंच झालं. झिप अर्धवट बसली होती, वाटेत पाणी गळून गेलं. त्यातला स्पंज नोंदवला, पण प्राण्यांच्या रकान्यात शून्य न लिहिता ‘पिशवी गळाली’ असं लिहिलं. शून्य लिहिणं म्हणजे त्या स्पंजात काही राहत नाही असं सांगणं, आणि तसं म्हणायला काही आधार नाही.

दुपारी तीन ते रात्री अकरा टेबलावर. ॲसिडियन कापायचा तो वरच्या तोंडापासून बुडापर्यंत, एका बाजूने, कात्रीचं बोथट टोक आत ठेवून. आतली गाळण्याची जाळीदार पिशवी उघडी झाली की प्रकाश लागताच काहीतरी हलतं. बारा क्रमांकाच्या पिशवीतल्या करड्या ॲसिडियनमध्ये एक मोठा नर, दोन माद्या आणि आठ पिल्लं होती. एवढी सगळी एका पोटात. मोठ्याचा रंग फिकट नारिंगी, पाठीवर प्रत्येक खंडाच्या मागच्या कडेला गुलाबी पट्टा, डोळे गडद लाल.

हा रंग आत्ता लिहिला नाही तर पुन्हा कधीच लिहिता येणार नाही. कवचधाऱ्यांचा रंग पुष्कळदा प्रथिनाला बांधलेल्या रंगद्रव्याचा असतो. अल्कोहोल प्रथिन बिघडवतं म्हणून आधी छटा बदलते, मग रंगद्रव्यच विरघळून निघतं. दोन दिवसांत प्राणी दुधाळ पांढरा आणि डोळे फिकट. वर्णनात पुढे वर्षभर जे काही करायचं, त्यातली बहुतेक कामं पुन्हा करता येतात: चित्र पुन्हा काढता येतं, डीएनए पुन्हा काढता येतो. रंग, यजमान आणि जागा या तीन गोष्टी मात्र पहिल्या तासातच लिहाव्या लागतात.

फोटोसाठी प्राणी स्थिर हवा. लवंगेचं तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी एक भाग तेल नऊ भाग अल्कोहोलमध्ये विरघळवायचं आणि त्याचे दोन-तीन थेंब वाटीभर समुद्राच्या पाण्यात टाकायचे. दोन ते पाच मिनिटांत पाय सैल पडतात, शरीर सरळ होतं. जास्त थेंब टाकले तर प्राणी आचका देऊन गुंडाळून घेतो आणि तसाच ताठ होतो. नंतर त्याला सरळ करायला गेलं की पाय तुटतात.

दिवस ४

सर्वांत मोठी ओहोटी. खडकाचा माथा दीड तास उघडा. पाण्याने अजून झाकलेल्या खळग्यांच्या कडेने चालत, दगड उलटून खालचे स्पंज पाहायचे आणि दगड पुन्हा जसा होता तसा पालथा घालायचा. उलटा राहिलेला दगड म्हणजे खालच्या सावलीत वाढलेल्या सगळ्या जीवांना उन्हात टाकणं. पाणी चढायला लागल्याबरोबर निघायचं. परतीची वाट माथ्याच्या मधून असते आणि तिथे पाणी सगळीकडून एकदम येतं.

मिळकत चांगली. पण कालचा तो गुलाबी पट्ट्याचा प्राणी इथे एकाही यजमानात नाही.

दिवस ५

वारा. होडी निघाली नाही. असे दिवस धरूनच वेळापत्रक करावं, कारण टेबलावरचं काम नेहमी मागे पडलेलं असतं.

पहिलं काम अल्कोहोल बदलण्याचं. स्पंज आणि ॲसिडियन म्हणजे जवळजवळ पाणीच. ९५ टक्के अल्कोहोलच्या कुपीत त्यांचा तुकडा टाकला की काही तासांत आतलं अल्कोहोल सत्तरच्या खाली येतं आणि डीएनए तुटायला लागतो. प्राण्याच्या दसपट तरी अल्कोहोल हवं, आणि चोवीस तासांनी एकदा पूर्ण बदललं पाहिजे. सुटे अँफिपॉड यजमानाच्या तुकड्याबरोबर एका कुपीत कधीच ठेवायचे नाहीत. चिठ्ठी दोन्हीकडे, तीच.

दुसरं काम यजमान ओळखता येईल अशा स्थितीत ठेवण्याचं. ॲसिडियन थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर आकसून गाठ होतो आणि तज्ज्ञाला आतलं काहीच दिसत नाही. म्हणून त्याच जातीचा न कापलेला नमुना समुद्राच्या पाण्यात, वर मेंथॉलचे खडे तरंगत ठेवून दोन तास. टोचल्यावर तोंड मिटत नाही हे पाहून मग फॉर्मॅलिनमध्ये. फॉर्मॅलिनमुळे डीएनए हाती लागत नाही, म्हणून नखाएवढा तुकडा आधीच अल्कोहोलमध्ये काढून ठेवलेला. स्पंजाचं सोपं आहे: मिरीएवढा तुकडा काचेच्या नळीत ब्लीचमध्ये ठेवायचा. मांस जातं आणि वाळूच्या काचेसारख्या सुया, स्पिक्यूल, तळाशी बसतात. दोनदा पाण्याने, एकदा अल्कोहोलने धुऊन स्लाइडवर वाळवल्या की ओळखीचा मोठा भाग तिथेच होतो. ज्या स्पंजांत अशा सुया नसतात, फक्त तंतू असतात, त्यांना ब्लीचची ही युक्ती लागू नाही.

दुपारी बाराव्या पिशवीतला नर पुन्हा पाहिला. पहिल्या नांगीत या वंशाची खूण अगदी स्पष्ट दिसते. बहुतेक अँफिपॉडांत शेवटचा आकडा वळून आधीच्या फुगीर खंडावर मिटतो, चाकू मुठीत मिटावा तसा. ल्युकोथोईत त्याआधीच्या खंडाचा, मनगटाचा, एक लांब सुळका पुढे आलेला असतो आणि पुढचा अख्खा खंड त्या सुळक्यावर मिटतो. म्हणजे चिमटा एक खंड मागून सुरू होतो. दुसरी नांगी याच्या कितीतरी पट मोठी, आणि तिच्या तळव्याच्या कडेवर गाठी. या नराच्या तळव्यावर तीन गाठी होत्या, मधली सर्वांत मोठी, आणि आकडा तळव्याच्या निम्म्यावरच संपत होता. ओळखीच्या प्रजातींच्या तक्त्यात हा मेळ कुठेच बसेना.

एवढ्यावर ‘नवी’ म्हणायचं नसतं. गाठी वयाबरोबर बदलतात.

दिवस ६

रात्री धक्क्याच्या टोकाला दिवा, पाण्याखाली एक मीटर, तास-दीड तास. कोपेपॉड आणि क्युमेशियन हे दुसरे बारीक कवचधारी ढिगाने, ल्युकोथोई एकही नाही. घरात राहणाऱ्याला दिव्याची ओढ नसते. तरी हे करायचं ते यासाठी, की रात्री पाण्यात निघणाऱ्या प्राण्यांची यादी वेगळी असते.

दिवस ७

वारा पडला. तिसऱ्या दिवसाच्याच जागी परत बुडी, यावेळी एकाच कामासाठी: तोच करडा ॲसिडियन, त्याच खोलीवर. नव्या प्रजातीला एक नमुना पुरत नाही. नर-मादी, लहान-मोठे मिळून निदान दहा तरी हवेत, म्हणजे कुठलं लक्षण प्रजातीचं आणि कुठलं वयाचं हे सांगता येतं. तीन ॲसिडियन, तिन्हींत वस्ती. एकूण एकोणीस प्राणी, त्यांत पाच नर. पाचांच्याही तळव्यावर तीन गाठी. सर्वांत लहान नराची मधली गाठ जेमतेम टेकाडासारखी, पण तीच मोठी.

नर कसा ओळखायचा: सातव्या छातीखंडाच्या खाली दोन बारीक बोंडं. मादी: दुसऱ्या ते पाचव्या जोडीच्या पायांच्या मुळाशी पातळ पापुद्रे, त्यांच्या कडेला केस असतील तर ती पूर्ण वाढलेली. दोन माद्यांच्या पिशवीत अंडी होती. अंडी मोजून तिथेच लिहिली, कारण हाताळताना ती सांडतात.

दिवस ८ आणि ९

बांधाबांध. विमानाने अल्कोहोल न्यायला बंदी आहे असं समजून पुष्कळ जण नमुने कोरडे करायला जातात आणि घालवून बसतात. हवाई वाहतूक संघटनेच्या नियमांत ए १८० ही खास तरतूद संशोधनाच्या नमुन्यांसाठीच आहे: एका कुपीत मोकळं द्रव तीस मिलिलिटरपर्यंत, पूर्ण खोक्यात एक लिटरपर्यंत, कुपीभोवती बंद केलेल्या पिशव्या, मधल्या पिशवीत द्रव शोषणारा कागद, आणि खोक्यावर तरतुदीचा उल्लेख. खोकं सोपवण्याआधी विमान कंपनीला लेखी कळवायचं. त्यांच्या माणसाला हा नियम माहीत नसेल तर छापील पान हातात हवं.

उरलेलं अल्कोहोल आणि फॉर्मॅलिन बेटावर ओतायचं नाही. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, वेगळं खोकं, परवान्यात लिहिलेल्या ठिकाणी.

दिवस ३१

प्रवास इथून टेबलावरचा. सर्वांत मोठा, सगळे पाय शाबूत असलेला नर होलोटाइप ठरवला: प्रजातीचं नाव ज्या एका नमुन्याला कायमचं बांधलं जातं तो. बाकीचे पॅराटाइप. होलोटाइप पूर्ण सुटा करायचा नाही. डाव्या बाजूचे पाय काढायचे, उजवी बाजू जशीच्या तशी ठेवायची. बारकाईने पाहायचे मुखभाग शक्यतो पॅराटाइपचे. लांबी पाठीच्या वळणावरून, डोक्याच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत. सरळ रेषेत मोजली तर गुंडाळलेला प्राणी बुटका ठरतो.

अल्कोहोलमधून थेट ग्लिसरीनमध्ये टाकलं तर पाय चेपतात. म्हणून एक भाग ग्लिसरीन आणि तीन भाग अल्कोहोलच्या डिशमध्ये, अर्धवट झाकून, रात्रभर. अल्कोहोल उडून जातं आणि ग्लिसरीन हळूहळू आत शिरतं.

सुया टंगस्टनच्या तारेच्या, टोक केसापेक्षा बारीक. मुखभाग मागून पुढे काढायचे: आधी मॅक्सिलिपेड, मग दुसरा मॅक्सिला, पहिला मॅक्सिला, खालचा ओठ, दोन मँडिबल, शेवटी वरचा ओठ. उलट गेलं तर पहिला मॅक्सिला हमखास फाटतो. डावा आणि उजवा मँडिबल सारखे नसतात, त्यामुळे निघाल्याबरोबर वेगवेगळ्या थेंबांत आणि शेजारी ‘डा’, ‘उ’. सगळ्यात जास्त चूक होते ती काच ठेवताना. वरची काच थेट टेकली तर नांगी चपटी होते आणि चित्रात तळवा रुंद दिसतो. अशा चपट्या नांगीवरून प्रजाती वेगळ्या केल्याची उदाहरणं सापडतील, इतकी ही चूक सहज होते. काचेच्या चार कोपऱ्यांखाली काचेचेच बारीक तुकडे ठेवले की आत जागा राहते.

दिवस ३४ ते ५२

चित्रं. कॅमेरा ल्युसिडामधून एकाच वेळी नमुना आणि कागदावरची पेन्सिल दिसते. कडा गिरवत जायचं, सतत फोकस वर-खाली करत. प्रत्येक केस मोजून काढायचा. तुटलेला असेल तर त्याचं खोबण दिसतं, तिथे तुटलेलाच दाखवायचा, अंदाजाने पूर्ण करायचा नाही. मोजपट्टी त्याच बैठकीत, त्याच भिंगाखाली काढायची. मग स्कॅन करून टॅब्लेटवर रेषा पक्क्या करायच्या. फोटो चित्राची जागा घेत नाही: फोटोत एका खोलीतलंच स्पष्ट येतं, आणि महत्त्वाचं काय हे फोटो ठरवत नाही.

दिवस ६० च्या आसपास

एका पॅराटाइपचे दोन पाय डीएनएसाठी. पहिल्या वेळी मिळालेला क्रम माहितीकोशाशी जुळवला तर निघाला ॲसिडियनचा. अपेक्षितच, ज्याच्या पोटात राहायचं त्याचंच मांस पायांना लागलेलं असतं. दुसऱ्या वेळी पाय अल्कोहोलमध्ये मऊ कुंचल्याने धुऊन, आतडं येणार नाही असे फक्त पुढचे खंड घेतले. प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा मिळाला. त्याचं भाषांतर करून मध्येच थांब-संकेत येत नाही ना हे तपासलं, कारण तो आला तर तो खरा जनुक नसून निकामी नक्कल असते. जवळच्या प्रजातींपासूनचा फरक मोठा निघाला. पण आकड्याने प्रजाती सिद्ध होत नाही. तीन गाठी, आखूड आकडा, यजमान आणि हा क्रम, चारही एकाच बाजूला बोट दाखवतात, हे सांगता येतं.

तुलनेला सगळ्यात जास्त वेळ गेला. या वंशातल्या प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन काढायचं, नंतरच्या दुरुस्त्या नाहीत. जुन्या वर्णनांत एखादी ओळ आणि एक अस्पष्ट नांगी असते. तिथे त्या प्रजातीचा मूळ नमुना संग्रहालयातून मागवावा लागतो, किंवा फोटो मागवावे लागतात. आमच्या बाबतीत सर्वांत जवळची प्रजाती दोन गाठींची होती, आणि तिचा मूळ नमुना लहान नर. म्हणजे मोठेपणी तिसरी गाठ येत असेल का? त्याचं उत्तर सातव्या दिवसाच्या त्या सर्वांत लहान नराने दिलं: तो त्या मूळ नमुन्यापेक्षाही लहान, तरी गाठी तीन.

दिवस १४०

नाव. प्राणिनामसंहितेची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे आणि तिच्यानुसार होलोटाइप स्पष्टपणे सांगावा लागतो, तो कुठल्या संग्रहात आहे हेही. म्हणून आधी संग्रहालयाचा क्रमांक घेतला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपातलं प्रकाशनही चालतं, पण तो लेख आधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राणिनामांच्या अधिकृत नोंदवहीत, नोंदलेला हवा आणि तसा पुरावा लेखातच छापलेला हवा. हे राहून गेलं तर छापलेलं नाव वैध ठरत नाही.

ल्युकोथोई हे स्त्रीलिंगी नाव, त्यामुळे विशेषण असेल तर तेही स्त्रीलिंगी. व्यक्तीच्या नावावरून ठेवायचं तर पुरुषासाठी शेवटी आय, स्त्रीसाठी ए-ई, अनेकांसाठी ओरम किंवा आरम. स्वतःचं नाव देऊ नये. गाठींवरून, रंगावरून किंवा यजमानावरून ठेवलेलं नाव चांगलं, पण यजमान पुढे दुसराही निघू शकतो. इथे ते नाव लिहिलेलं नाही, कारण वर्णनाशिवाय फिरायला लागलेलं नाव पुढे गोंधळ करतं. ते लेखातच पहिल्यांदा येईल.

दिवस २९०

परीक्षकांचे अभिप्राय आले. एकाने मागितलं: मादीच्या दुसऱ्या नांगीचं चित्र. बरोबर मागितलं, पुढे कोणाला फक्त मादी मिळाली तर ती ओळखायची कशी? दुसऱ्याने विचारलं: स्लाइडचे क्रमांक पॅराटाइपच्या क्रमांकांशी जुळतात का. एक जुळत नव्हता. मँडिबलच्या स्लाइडवर ३ ऐवजी ८ वाचला गेला होता. वहीतल्या पेन्सिलीच्या नोंदीवरून तो सुधारला.

दिवस ३५५

मुद्रितं. मजकुरातला होलोटाइपचा क्रमांक, चित्राखालचा क्रमांक आणि कुपीतला क्रमांक, तिन्ही समोर ठेवून अक्षर-अक्षर वाचले. होलोटाइप आता लहान कुपीत, कापसाच्या बोळ्याने बंद, ती कुपी मोठ्या बरणीत, दोन्हींत ऐंशी टक्के अल्कोहोल. इथेनॉल पाण्यापेक्षा लवकर उडतं, म्हणून बरणी अर्धी झाली की फक्त वरून भर घालून भागत नाही. ताकद मोजून मगच भरायचं. आत चिठ्ठी तीच, बेटावरच्या टेबलावर लिहिलेली: ३-१२-१-१, ॲसिडियन, करडा, अठरा मीटर, फिकट नारिंगी, गुलाबी पट्टे.